फुलबसियाचा लोटा

फुलबसियाच्या पितळी लोट्याला एका बाजूला पोचा आहे. तो पडला तेव्हा मी लहान होते, पण बेलकूर गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की टेकनंद जन्मला त्या दिवशी पडला. बैलगाडीवाल्या सुखलालला पाच मुलींनंतर मुलगा झाला. बायका जन्माची गाणी गायला बसल्या आणि पंधरा वर्षांच्या फुलबसियानं पालथा लोटा चमच्यानं इतका बडवला की पितळ आत गेलं.

"टेका मंत्री झाला तो माझ्या लोट्याला टेंगूळ आणून," असं ती सांगते.

मी तिच्या उजव्या हाताला बसून ढोलक वाजवते. एकेचाळीस वर्षं झाली. गाताना मला तिचा चेहरा दिसत नाही. कान दिसतो, आणि चमचा धरलेला हात. त्यामुळे मी जे सांगते आहे ते बाजूनं पाहिलेलं आहे.

आमच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढीग आहेत, घराएवढे उंच. जमीन साफ करताना, ह्या बेटावर उसासाठी बोटीतून आणलेल्या आमच्या आज्या-पणज्यांनी ते दगड डोक्यावरून वाहून एका जागी टाकले. ते कुणी बांधले असं कुणी म्हणत नाही. ढीग नुसते उभे असतात, ऊस वाढला की लपतात, तोडला की पुन्हा दिसतात. फुलबसिया तेराव्या वर्षापासून त्या ढिगांवर दगड टाकत होती. सतराव्या वर्षी लग्न झालं, सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. तेहतिसाव्या वर्षी गावाबाहेर स्वेटरांची फॅक्टरी आली तेव्हा ती आणि मी एकाच दिवशी मशिनीवर बसलो. बाही जोडायची. दिवसाला चारशे बाह्या. माणसं कधी दिसायचीच नाहीत, नुसत्या हात नसलेल्या बाह्या पुढून सरकत जायच्या.

सात वर्षांनी त्या फॅक्टरीच्या दारात टेकनंद पहिल्यांदा मोठा झाला. तेव्हा तो पंचविशीचा शाळामास्तर होता. आम्हाला जादा तास राबवायचे आणि ओळखपत्रं मालक आपल्या कपाटात ठेवायचा, म्हणजे बाई मधेच सोडून दुसऱ्या फॅक्टरीत जायला नको. टेका सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर उभा राहून भाषण करायला लागला, पण त्याला शब्द सापडेनात. तेव्हा फुलबसियानं खाली बसून लोटा पालथा घातला आणि तिच्या आजीचं गाणं धरलं.

ते गाणं ऊसमळ्यांच्या काळातलं. तेव्हा प्रत्येक मजुराला फोटो आणि नंबर असलेला एक कागद मिळायचा, त्याला टिकट म्हणायचे. ते जवळ नसलं की रस्त्यात शिपाई धरून कोठडीत टाकायचा. मग मळ्याचा सरदार, म्हणजे मुकादम, काय करायचा, सगळ्यांची टिकटं आपल्याकडं ठेवून घ्यायचा. माणूस बांधून ठेवायला दोर लागत नव्हता.

सरदारा रे सरदारा, माझं टिकट कुठं?
पेटीत ठेवलंस की पागोट्यात ठेवलंस?
बोल रे बोल, लोटा थांबत नाही.

त्या दिवशी तिनं सरदाराच्या जागी मालकाचं नाव घातलं. तीनशे बायकांनी ते उचललं. अकरा दिवसांनी कपाट उघडलं. आणि टेकानं क्रेटवरून एक वाक्य म्हटलं, जे पुढं वीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत भिंतीभिंतीवर रंगवलं गेलं: कामगाराचा कागद कामगाराच्या खिशात.

त्या वाक्यावर तो संसदेत गेला. तिथं त्यानं त्याचा कायदा करून घेतला, आणि त्या कायद्यावर तो कामगार मंत्री झाला. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा आम्हीच गायलो. त्याच्या लग्नातही गायलो होतो. तो राजधानीकडं राहायला गेला, पण वर्षातून एकदा गावात यायचा आणि सगळ्यांच्या पाया पडायचा. मला कधी वाटायचं, ढिगावरचा एक दगड उठून चालायला लागला आहे. अशा दगडाकडं बघताना अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही.

आमची फॅक्टरी मग बंद पडली. रस्त्यापलीकडं दुसरी उभी राहिली आणि तिच्यात बांगलादेशातून मुली आणल्या. गावच्या बायका त्यांच्याशी बोलत नसत. फुलबसियाही नाही. तिनं त्यांच्या वसतिगृहासमोर दाल-पुरीची गाडी लावली होती. पुरी द्यायची, तोंड फिरवायची. आमच्याकडं दाल-पुरी जोडीनंच खातात. त्यातली एखादी एकच मागायची, तर ही डाफरायची, "एक मिळत नाही. माणसासारखी दोन घे." तेवढाच संवाद. चौदा वर्षं.

मग मोर्जिना आली. बारीक, काळीसावळी, मैमनसिंगकडची. तिनं पुरी घेताना फुलबसियाच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पाहिलं. त्या बोटाचं नख मधोमध फाटून वाढलेलं आहे. मशिनीची सुई आरपार गेली होती. मोर्जिनानं आपल्या डाव्या हाताचं बोट शेजारी धरलं. तेच बोट, तेच नख, तशीच चीर.

फुलबसियानं हातातली पुरी खाली ठेवली आणि दोन्ही बोटं बघितली.

"बाही?" तिनं विचारलं.

"बाही, खाला," मोर्जिना म्हणाली. खाला म्हणजे मावशी.

त्या दिवसापासून गाडीमागचा बाक मोर्जिनाचा झाला. मागाहून तिच्या बरोबरच्या येऊ लागल्या. रविवारी त्या पुऱ्या लाटायला हात लावायच्या आणि फुलबसिया लाटणं आपटत गाणी म्हणायची. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण धृपद त्यांनी उचललं. बोल रे बोल, लोटा थांबत नाही.

तीन महिन्यांत फॅक्टरीला कुलूप लागलं. नंतर पेपरांत आलं की मोर्जिनासकट ह्या बेचाळीस मुलींना आणलं तेव्हाच फॅक्टरीकडं एकाही स्वेटरचं नवं काम नव्हतं. माणसं आणायची परवानगी मात्र मिळाली होती, कारण आणणारा दलाल रिकी हा मंत्र्याचा माणूस. टेकाच्या तीन निवडणुका त्यानंच चालवलेल्या. मुलींचे पासपोर्ट विमानतळावरच त्यानं "नोंदणीसाठी" काढून घेतले होते. डोंगराकडच्या एका फॅक्टरीला बेचाळीसच्या बेचाळीस बायका हव्या होत्या. अर्ज झाला, शिक्का बसला. मंत्र्याची एक सही बाकी. पण ती सही केली की सरकारी कागदावर कबूल होणार होतं की रिकीनं माणसं खोटी कारणं दाखवून आणली. सात आठवडे सही झाली नाही. टेका टीव्हीवर म्हणत राहिला, "अशी कुठलीही फाइल माझ्यापर्यंत आलेली नाही." आणि मुलींना सोमवारच्या विमानाची चिठ्ठी आली.

मोर्जिनाची धाकटी बहीण नर्सिंगच्या शाळेत होती. ती शाळा मोर्जिनाच्या दोन हातांवर चालली होती.

"परत जाऊन काय सांगू, खाला?" ती म्हणाली. "सगळं गाव मला पोचवायला आलं होतं. आता तेच गाव बघेल."

त्या आधी तीन आठवडे टेका गाडीवर येऊन गेला होता. त्याच्या मुलाचं लग्न बेलकूरच्या औषधवाल्याच्या मुलीशी ठरलं होतं. मागं रिकी, काळा चष्मा लावून. टेकानं दोन पुऱ्या एकात एक गुंडाळून उभ्यानं खाल्ल्या.

"मौसी, हल्ली लग्नात नुसते स्पीकर लावतात. मला ते नको. आईच्या वेळेसारखं पाहिजे. पंगत, केळीचं पान, सात भाज्या. आणि तुम्ही गारी म्हणायच्या."

गारी म्हणजे मुलीकडच्या बायकांनी मुलाकडच्यांना गाण्यातून काढलेले चिमटे. फुलबसियानं पीठ झटकलं.

"नावं घेऊन?"

"नावं घेऊन. मंत्री म्हणून सोडायचं नाही. टीव्हीवाले येणार आहेत, त्यांनाही दिसू दे, आपण कुठले."

"नाव आलं की पानावरून उठायचं नसतं. आणि उत्तर मिळाल्याशिवाय लोटा थांबत नाही."

"मौसी! माझी आई तुमच्या शेजारी बसून गायची. मला नियम सांगता?"

"बरं. मग आता न गाता विचारते. ह्या पोरींचं काय केलंस?"

टेकानं रुमाल काढला. "कायद्यानं होईल ते. माझ्याकडं फाइल आली नाही."

रिकी मधे पडला. "मौसी, तुम्ही कशाला ह्या परक्या बायकांचं घेता? तुमची कामं ह्यांनीच खाल्ली की."

"माझं काम ह्यांनी नाही खाल्लं, बाबा. ज्यानं दिलं होतं त्यानंच काढून घेतलं. तू चष्मा काढ, तेलात पडेल."

लग्नाच्या आधीच्या दिवशी आम्ही सात जणी तालमीला बसलो. फुलबसियानं काय म्हणायचं ठरवलंय ते सांगितलं.

"दीदी, माझी सून नगरपालिकेत आहे," एक म्हणाली.

"माहितेय."

"तुमच्या गाडीचा परवानासुद्धा त्याच्याच चिठ्ठीनं मिळालाय."

"तेही माहितेय. मी कुणाला जबरदस्ती करत नाही. व्याह्याच्या पोटावरचं सगळ्यांनी म्हणा. नंतरचं ज्याला म्हणायचं त्यानं म्हणा."

मी ढोलकाच्या दोऱ्या आवळत होते. मला काही विचारू नये असं वाटत होतं, आणि तिनं विचारलंही नाही. चाळीस वर्षांनंतर माणूस विचारत नाही, हेच अवघड असतं.

शनिवारी दुपारी औषधवाल्याच्या अंगणात मांडव होता. लांबच लांब बाकं, त्यांवर केळीची पानं. लाल भोपळा, फणस, कच्ची केळी, पावटे-बटाटे, टोमॅटोचा रस्सा, पालेभाजी आणि चटणी. मागच्या अंगणात चुलीपाशी मोर्जिना आणि तिच्या सोबतिणी कोपरापर्यंत पिठात होत्या; फुलबसियानं त्यांना पुऱ्या लाटायला बोलावलं होतं. गावात लग्न म्हणजे हात सगळ्यांचे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

टेका मधल्या पानावर बसला. दोन पानं सोडून रिकी. समोर टीव्हीचा कॅमेरा. आम्ही सातऐवजी चौघी होतो.

फुलबसियानं लोटा पालथा घातला, पोचा आपल्याकडं करून.

व्याही आले मोटारीतून, पोट आलं मागच्या मोटारीतून!
व्याह्याच्या डोक्यावर काळी रात्र, मिशांमधे उजाडलं!

मांडव हसला. टेका सगळ्यांत मोठ्यानं हसला, मिशीला हात लावून कॅमेऱ्याकडं बघितलं. "घ्या आणखी!" तो म्हणाला. "आई असती तर ह्याच्या दुप्पट म्हणाली असती!"

"घे तर," फुलबसिया म्हणाली, आणि चाल बदलली.

ही चाल बदलली की हात आपोआप जड पडतो. माझी थाप तिच्या चमच्याच्या आधी पडली. तेव्हा मला कळलं की माझं ठरलेलं होतं.

टेकनंदा रे टेकनंदा, पोरींचं टिकट कुठं?
पेटीत ठेवलंस की रिकीकडं ठेवलंस?
बोल रे बोल, लोटा थांबत नाही.

पहिल्या फेरीला काही जण हसले, सवयीनं. दुसऱ्या फेरीला कुणी हसलं नाही. टेकाचा हात भोपळ्यात थांबला. आमच्यातल्या दोघी गप्प झाल्या. एक ढोलक, एक लोटा, दोन म्हातारे गळे. एवढ्या मोठ्या मांडवात ते फार थोडं वाटत होतं. आपण नुसतं एका माणसाचं जेवण बिघडवून थांबणार, असं मला स्वच्छ दिसलं.

आणि मागून धृपद आलं. चुलीच्या दारात त्या उभ्या होत्या, बेचाळीस जणी, पांढऱ्या हातांच्या. त्यांना आधीच्या ओळी येत नव्हत्या. त्यांना तेवढीच येत होती. बोल रे बोल, लोटा थांबत नाही. कुणी थाळी घेतली होती, कुणी लाटणं.

"बंद करा ते!" रिकी ओरडला. "कॅमेरा बंद कर रे!"

नवरीचा आजोबा रांगेच्या टोकाला बसला होता, नव्वदीचा. त्यानं पुरीचा तुकडा खाली ठेवला. "पानावर बसलायस, गप बस," तो म्हणाला. "लोटा चालू आहे."

तिसरी फेरी. चौथी. टेका उठू शकत होता. मोटार बाहेर होती, चालक होता, मंत्र्याला कोण अडवणार? पण सुखलालचा मुलगा पानावरून उठू शकत नव्हता, आणि तो तिथं सुखलालचा मुलगा म्हणूनच येऊन बसला होता, सगळ्या देशाला तसं दिसावं म्हणून. तो फुलबसियाकडं बघत नव्हता. लोट्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसले. त्याच्या आईची जागा माझ्या पलीकडं असायची. पाचव्या फेरीला तो तिथं बघायला लागला, जिथं आता नुसती चटई होती.

त्या गाण्याला उत्तर एकच आहे. सरदाराला दुसरं काही म्हणता येत नाही.

"माझ्याकडं आहे," टेका म्हणाला.

"मोठ्यानं," फुलबसिया म्हणाली. चमचा चालूच.

"माझ्याकडं आहे. घ्या!"

लोटा थांबला. तेलात पुरी फुगताना ऐकू येत होती.

ज्याचं नाव येतं त्यानं नेग द्यायचं असतं, बायका मागतील ते. फुलबसिया थाळी घेऊन त्याच्यासमोर गेली. टेकाचा डावा हात खिशाकडं गेला.

"नोट नको," ती म्हणाली. थाळीत विड्याच्या पानाखाली त्या अर्जाची नक्कल होती, बेचाळीस नावांची, सात आठवड्यांपूर्वीच्या शिक्क्याची. "ही फाइल तुझ्यापर्यंत आली नव्हती ना? आता आली."

मांडवात कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं कुणी. मग आवरेना.

पेन कॅमेरावाल्यानं दिलं. हात धुवायला उठायचं नव्हतं, म्हणून टेकानं बोटं केळीच्या पानाला पुसली आणि सही केली: बदली मंजूर, विमान रद्द. सहीशेजारी भोपळ्याचा पिवळा अंगठा उमटला. आमच्या पणज्यांच्या करारांवर असायचे तसा, शाईऐवजी भाजीचा. मग त्यानं पानावरूनच डाव्या हातानं पासपोर्ट कार्यालयाच्या साहेबाला फोन लावला. शेवटी रिकीकडं वळला.

"कुठं आहेत?"

"ऑफिसात. पण साहेब..."

"जा. आण."

"जेवण तरी..."

"जा!"

रिकी उठला. अर्ध्या पानावरून उठणाऱ्याला बायका जे म्हणतात ते त्याला दारापर्यंत ऐकू गेलं, आणि ह्या वेळी आम्ही पुन्हा सातजणी होतो.

तो पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन परत आला तेव्हा गोड वाढत होते. फुलबसियानं डबा मांडीवर घेतला. तिला नावं वाचता येत नाहीत. ती एकेक पासपोर्ट उघडून फोटो वर धरायची आणि चेहरा शोधायची. "ही कोण, नकटी? ये पुढं. ही? बाई, फोटोत तरी हसायचं." एकेक जण पुढं आली. मोर्जिनाचा सगळ्यांत शेवटी निघाला. तिनं तो कपाळाला लावला आणि कपाळ पांढरं झालं. मग त्या बेचाळीस जणींनी मांडवाच्या मधोमध जो नाच केला, तो आमच्याकडचा नव्हता आणि त्यांच्याकडचाही नसावा. नवरा-नवरी उठून त्यात गेली. ढोलकाची एक बाजू त्या दिवशी फाटली. मी ती अजून बदललेली नाही.

"माझ्याकडं आहे, घ्या" हे तीन शब्द टीव्हीनं आठवडाभर दाखवले. चौकशी बसली. रिकीचा परवाना गेला. दोन महिन्यांनी टेकानं मंत्रिपद सोडलं आणि पुढच्या निवडणुकीत त्याला कुणी उभं केलं नाही. फुलबसियाच्या गाडीची जागा मोजायला एक माणूस टेप घेऊन आला होता. दुपारच्या सुट्टीत पुरी खायला आलेल्या बायकांनी त्याला मधे घेतलं आणि इतका आग्रह केला की तो सहा पुऱ्या खाऊन, टेप विसरून गेला. टेप अजून गाडीला बांधलेली आहे. तिला पिशव्या अडकवतात.

वर्षभरानंतर एका रविवारी टेका आला. एकटा, बसनं. केस पांढरे. बाकावर बसला.

"मौसी, माझं मंत्रिपद खाल्लंत."

"एकच खाल्लं. तू दोन घे." तिनं पुऱ्या पुढं केल्या. "तिखट घालू?"

"घाला."

तो खात होता तेवढ्यात मोर्जिना आली. डोंगराकडच्या फॅक्टरीतून ती दर रविवारी येते, दोन बस बदलून. आता ती लोटा वाजवायला शिकते आहे. चमचा फार जोरात मारते. तिनं टेकाला ओळखलं आणि उभी राहिली.

"परवा कामाचा नवीन शिक्का मिळाला, खाला. तीन वर्षांचा."

"मला काय दाखवतेस? मला वाचता येतं? ह्याला दाखव. ह्याला सगळं वाचता येतं."

मोर्जिनानं ब्लाउजच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला. टेकानं घाईघाईनं हात पुसले आणि पुढं केले.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "इथूनच बघा."

तिनं तो दोन्ही हातांनी उघडून धरला, त्याच्यापासून हातभर लांब. टेका पुढं वाकला. डोळे बारीक करून त्यानं शिक्का वाचला, तारीख वाचली, नाव वाचलं, शेवटी फोटो बघितला. मग मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मोर्जिनानं पासपोर्ट मिटला, खिशात ठेवला, बटण लावलं आणि पीठ मळायला बसली.